गाडी दोनकडून आंधळा निरोप

वेल्ह्याला जाऊन आलो म्हटले की पुण्यातली माणसे लगेच विचारतात, "तोरणा केलात की राजगड?" आम्ही दोन्ही केले नाहीत. दोन्ही किल्ले जीपच्या काचेतून पाहिले. दोन दिवसांत जीप दोनशे अठरा किलोमीटर चालली आणि त्यातली सत्तर-बहात्तर रस्ता म्हणता येणार नाही अशा जागेवरून. तरी आमच्या घरात आजवर झालेल्या प्रवासांत मी हा पहिल्या नंबरावर ठेवतो. त्याचे कारण शेवटी येईल.

आधी आम्ही का गेलो ते सांगतो. मी आणि माझी बायको सुलभा, दोघेही परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. माझा परवाना अकरा वर्षांचा, तिचा तीन वर्षांचा. आमच्या ओळखीच्या एका कानाच्या डॉक्टरांनी भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी तपासणीची शिबिरे ठरवली होती. मोबाईल तेव्हा नसरापूर सोडले की मुका होत असे. गाड्यांनी एकमेकींशी बोलायचे कसे, हा प्रश्न होता, म्हणून डॉक्टरांनी आम्हाला विचारले. आमच्या व्हॅनमध्ये एक रेडिओ सुलभाकडे, भाड्याच्या जीपमध्ये दुसरा माझ्याकडे, असे ठरले. जीप गाडी एक, व्हॅन गाडी दोन.

भोर

जीप भोरच्या यासीनभाईंची. वय पन्नाशीच्या पुढे, पांढरी दाढी, बोलणे चालू आणि हात कायम स्टिअरिंगवर. त्यांच्या अंगणात मी सकाळी आठ ते साडेनऊ रेडिओ बसवला. टपावर लोहचुंबकाच्या बुडाची एकोणपन्नास सेंटिमीटरची तार, म्हणजे अँटेना. बॅटरीपासून थेट दोन वायरी, दोन्हींना बॅटरीजवळच फ्यूज. रेडिओ ड्रायव्हरच्या गुडघ्याला लागणार नाही असा आणि माइक अडकवायला हूक.

"साहेब," यासीनभाई म्हणाले, "आमी जीप चालवतो, इमान उडवत न्हाई."

"तुम्ही फक्त चालवायचं. गाडी चालू असताना ड्रायव्हरनं माइकला हात लावायचा नाही. बोलायचं काम माझं."

"लई बरं झालं. घरात बी हेच चालतंय. मी चालवतो, बोलायचं काम तिचं."

आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "व्हय, आन रस्ता बी मीच सांगते!"

मी त्यांना माझे बाकीचे नियमही सांगितले. बोलण्याआधी ऐकायचे, दुसरे कोणी बोलत असेल तर मध्ये घुसायचे नाही. बटण दाबून एक सेकंद थांबायचे, मग बोलायचे, नाहीतर पहिला शब्द हवेत जातो. मी बोलत असताना टपावरच्या तारेला कोणी हात लावायचा नाही. माइक वापरून झाला की हुकावर, सीटवर कधीही नाही. यासीनभाईंच्या पत्नीने तोवर ताटात नाचणीची भाकरी, सुकटाची चटणी आणि आंबेमोहोर भात वाढला. आमच्या घरी पाहुण्याला आधी चहा देतात. इथे आधी पोटभर जेवण आणि मग चहा, आणि नको म्हटलेले कोणी ऐकतच नाही.

भाटघरच्या पाण्याकडेने

धरणाच्या पाण्याच्या कडेने रस्ता वळणे घेत जातो. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला भात काढलेली खाचरे, खळ्यांवर झोडणी चाललेली. एका वळणावर यासीनभाईंनी इंजिनात पाणी घालायला गाडी थांबवली. पलीकडच्या काठावरून एका माणसाने होडीवाल्याला हाक मारली. हाक मारून तो कानामागे हात धरून अगदी स्तब्ध उभा राहिला. मी घड्याळ पाहिले. नऊ सेकंद. मग या काठावरून उत्तर गेले, आणि ते पुरते संपल्यावरच तो पुन्हा बोलला.

"एकदम बोलत का नाही?" मी विचारले.

"दोगं एकदम वरडले तर कुनालाच काय कळत न्हाई," यासीनभाई म्हणाले. "हाक मारायची आन थांबायचं. हितं ल्हान पोराला बी ठावं हाय."

आमच्या सोसायटीच्या सभेत बावीस सभासद एकदम बोलतात. जी शिस्त शिकायला मला परवान्याची परीक्षा द्यावी लागली, ती इथे पाण्याच्या काठावर आपोआप शिकतात, हे मी वहीत लिहून ठेवले.

आणि तिथेच माझी चूक झाली. प्रत्येक बोलण्याची वेळ, मजकूर आणि चुका लिहायला मी एक जाड पुठ्ठ्याची वही ठेवतो. सुलभाशी बोलणे झाल्यावर लिहायच्या नादात मी माइक हुकावर न लावता सीटवर ठेवला आणि लिहून झाल्यावर वही त्याच्यावर. वहीच्या पुठ्ठ्याने बटण दाबले गेले. बटण दाबलेले असले की आपले बोलणे सगळीकडे जाते आणि आपल्याला मात्र कोणाचेच ऐकू येत नाही. अशा अवस्थेत आम्ही अकरा मिनिटे गेलो.

त्या अकरा मिनिटांत यासीनभाईंनी विचारले, "वैनींना जमतंय का हे वायरलेसचं?"

मी म्हणालो, "जमतं. पण घाई फार करते. शब्द गिळते. मी तसं वहीत लिहूनच ठेवलंय."

पुढच्या गावातली सात म्हातारी माणसे आणायला आम्ही चाललो होतो. तिथे पोहोचलो तर कळले की ती सकाळच्या एसटीनेच शिबिराला गेली. सुलभाची व्हॅन शिबिरापाशीच होती, तिच्या समोरच ती माणसे बसली होती, आणि हे सांगायला सुलभा माइक हातात धरून अकरा मिनिटे ताटकळली होती. जायचे सात आणि यायचे सात, चौदा किलोमीटर फुकट. गाडी वळवून परत निघताना मी वही उचलली, त्याबरोबर स्पीकरमधून तिचा आवाज आला.

"गाडी एक, गाडी दोन. तुमचा माइक अडकलेला होता. सगळं ऐकलं. सगळं. ओव्हर."

यासीनभाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. खिडकीबाहेर पाहत ते इतके गंभीर झाले की गाडी जवळपास खाचरात गेली.

मार्गासनी

रात्रीचा मुक्काम मार्गासनीत एका शेतकऱ्याच्या घरी होता. जेवायला पावट्याची उसळ आणि तांदळाची भाकरी. मी सुलभाची माफी मागितली. चौदा किलोमीटरबद्दल मागितली. दुसऱ्या गोष्टीबद्दल मागितली नाही.

ती मात्र वेगळाच विचार करत होती. "मला तुमचं ऐकू येत होतं आणि बोलता येत नव्हतं. उद्या तुम्हाला माझं ऐकू येईल आणि तुम्हाला बोलता येणार नाही, असं झालं तर मी काय करायचं? नुसतं 'ऐकताय का, ऐकताय का' करत बसायचं?"

प्रश्न बरोबर होता. दुसऱ्या दिवशी वेल्ह्यावरून वर केळदच्या खिंडीकडे जायचे होते आणि त्या रस्त्यावर सुरुंगांचे काम चालू असल्याचे यासीनभाईंनी सांगितले होते. विजेवर उडणारे सुरुंग असले की त्यांच्या तारांजवळ रेडिओवरून बोलायचे नसते. आपल्या अँटेनातून निघालेली शक्ती त्या तारा पकडू शकतात आणि सुरुंग आपोआप उडू शकतो. माझ्या पुस्तकातल्या तक्त्यात अंतर बरेच कमी दिले आहे, पण तारा कशा आणि किती लांब पसरल्या असतील हे आपल्याला माहीत नसते. म्हणून मी स्वतःपुरते तीनशे मीटर धरतो. त्या टापूत फक्त ऐकायचे.

मग आम्ही ठरवले. मी गप्प असेन तेव्हा महत्त्वाचा निरोप असेल तर तिने उत्तराची वाट न पाहता तो लिहून काढायचा आणि तीन वेळा, लिहून घेता येईल इतक्या सावकाश वाचायचा. याला आमच्यात आंधळा निरोप म्हणतात, कारण समोर कोणी ऐकते आहे की नाही हे बोलणाऱ्याला दिसत नाही.

"शब्द न गिळता," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली.

खिंडीखाली

सकाळी सातला, काम सुरू व्हायच्या आधी, सुलभा व्हॅन घेऊन खिंडीत पोहोचली. तिथून दोन्ही खोरी दिसतात, त्यामुळे तिचा आवाज सगळीकडे जातो. आजूबाजूच्या वाड्यांतल्या माणसांची नावे तिथे लिहून घ्यायची हे तिचे काम. ज्यांना वेल्ह्यापर्यंत उतरणे शक्य नव्हते त्यांना तपासायला डॉक्टर स्वतः आमच्या जीपमधून वर निघाले. वय तिशीच्या आसपास, हुशार, आणि थांबणे अजिबात माहीत नसलेला माणूस.

सुरुंगाच्या कामाचा फलक दिसताच मी जीप थांबवायला लावली आणि शेवटचे बोलून घेतले. "गाडी दोन, पुढे सुरुंगाचं काम. आता मी बोलणार नाही, फक्त ऐकणार. पलीकडे गेल्यावर बोलेन. ओव्हर." तिने समजले म्हणून सांगितले. दहा वाजून एकतीस मिनिटे.

पुढे लाल झेंडावाल्याने आम्हाला अडवले. डोंगर तासून रस्ता रुंद करत होते. साठ-सत्तर पावलांवर ताशीव कडा, त्यात भोके पाडून सुरुंग भरलेले. रस्त्याच्या कडेच्या चरातून पिवळी आणि निळी अशी जोडतार आमच्या पुढच्या चाकापासून चार पावलांवरून गेली होती. मुकादम आणि तीन माणसे वर तारा जोडत होती.

दहा एकेचाळीसला स्पीकर बोलू लागला.

"गाडी एक, गाडी दोनकडून आंधळा निरोप. उत्तर देऊ नका. सोनाबाई, वय साठच्या वर, हिरवं लुगडं, डोक्यावर पाटी. खिंडीतून दहा वीसला निघाली. पायवाटेनं खाली, रस्त्याच्या कामाकडे. तिला अजिबात ऐकू येत नाही. शिट्टी कळणार नाही. सुरुंग थांबवा."

डॉक्टर एकदम पुढे सरकले. "अहो, बोला ना! कुठली पायवाट? विचारा!"

"इथून बोलता येत नाही."

"एक वाक्य! बाई मरेल तिथं!"

त्यांचा हात माइककडे गेला. मी माइकची पिन फिरवून काढली आणि माइक शर्टाच्या खिशात घातला. रेडिओ चालू ठेवला, कारण ऐकण्याने काही होत नाही.

"ती चार माणसं तारा हातात धरून बसली आहेत," मी डॉक्टरांना म्हणालो. "मी इथून बटण दाबलं तर काय होईल ते मला माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच दाबणार नाही."

तोवर दुसऱ्यांदा निरोप सुरू झाला होता. पहिल्या खेपेला निम्मा लिहिला होता, दुसऱ्या खेपेला पुरा झाला. तिने 'वीस मिनिटांपूर्वी' असे म्हटले नव्हते. 'दहा वीसला' म्हटले होते. निरोप केव्हाही ऐकला तरी आकडा खराच राहावा, हे मी तिला कधी शिकवले नव्हते. मी वही घेऊन खाली उतरलो. पळालो नाही, कारण तारेवर पाय द्यायचा नव्हता, पण इतक्या भरभर मी कित्येक वर्षांत चाललो नव्हतो. मागून यासीनभाई ओरडले, "साहेब, तिसऱ्यांदा सांगत्यात! मी ऐकून ठिवतो!"

मुकादम पंचावन्न वर्षांचा, डोक्याला मफलर, गळ्यात शिट्टी. "ओ, हिकडं कुठं? मागं व्हा! चार मिंटात बार उडवायचाय."

"पायवाटेनं एक म्हातारी खाली येतेय. बहिरी आहे."

"पायवाट बंद केलीया. फांदी टाकलीया आडवी."

"ती दहा वीसला निघालीय. हिरवं लुगडं, डोक्यावर पाटी." मी वही त्याच्यापुढे धरली.

त्याने वहीकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. मग वळून ओरडला, "तारा सोडा रं! बाराच्या मशीनवरनं काढा आन गुंडाळून मला द्या! आन तू वर पळ, तारंच्या अंगानं जाऊ नगं!"

त्याच्या माणसाने कड्यावर चढून वर हात हलवायला सुरुवात केली. मग दुसऱ्याने, मग झेंडावाल्याने खालून झेंडा हलवला. मीही दोन्ही हात वर केले. त्याचा काय उपयोग होता ते मला अजून सांगता येत नाही. कड्याच्या वरच्या झुडपांतून हिरवे लुगडे बाहेर आले, तेव्हा मी नजरेनेच अंतर मोजले. सुरुंगाच्या सगळ्यात वरच्या भोकापासून बेचाळीस पावले. भोके नऊ होती.

सोनाबाईंना धरून खाली आणले, तेव्हा त्यांच्या डोक्यावरच्या पाटीत पावट्याच्या शेंगा होत्या आणि शेंगांवर आडवी बांधलेली एक भली मोठी वाळकी फांदी.

मुकादम फांदीकडे बघतच राहिला. "आगं, ही तर मीच टाकलेली! वाट बंद हाय म्हनून!"

सोनाबाईंना ऐकू आले नाही, पण बोट फांदीकडे आहे एवढे कळले. "वाटंत पडली व्हती," त्या मोठ्याने म्हणाल्या. "चांगली वाळल्याली. चुलीला व्हईल. तुमची हाय व्हय? मग घ्या की! आन एवढी मानसं हात वर करून का हुबी? कुनी मेलं का?"

कोणालाच हसू आवरेना. मुकादम मात्र हसला नाही. बार उडवायच्या मशीनचे हँडल त्याने मघाशीच काढून खिशात घातले होते, ते खिशावरून हात फिरवून पुन्हा एकदा चाचपले. मग मला बाजूला घेतले.

"ह्यो निरोप कशावर आला तुमाला?"

"जीपमधल्या वायरलेसवर."

"आन तुमी त्यावर उलट बोल्ला न्हाई?"

"नाही." मी खिशातला माइक काढून दाखवला.

चरातली तार जीपच्या चाकापासून किती जवळून गेली आहे ते त्याने वाकून पाहिले. "बरं केलंत," म्हणाला आणि शिट्टी तोंडात धरली.

सोनाबाईंना जीपमध्ये मधल्या सीटवर बसवले आणि जीप दोन वळणे मागे नेली. बार उडाला. डॉक्टरांनी कानांवर हात ठेवले. सोनाबाईंनी सीटवर तळहात टेकला आणि यासीनभाईंना विचारले, "भुई हलली का रं?"

दगड बाजूला सारून वाट मोकळी करायला चाळीस मिनिटे लागली. काम ओलांडून तीनशे मीटर पुढे गेल्यावर मी पिन लावली. बटण दाबून एक सेकंद थांबायचे, हा माझाच नियम. त्या वेळी मला तीन-चार लागले.

"गाडी दोन, गाडी एक. आंधळा निरोप तिन्ही वेळा मिळाला. सुरुंग थांबवला होता. बाई सुखरूप, आमच्याबरोबर आहे. ओव्हर."

मग ती अगदी शांतपणे, एकेक शब्द सुटा सुटा करत म्हणाली, "समजलं. घाई झाली नाही ना? ओव्हर."

डॉक्टर हसले. यासीनभाईंनी पुन्हा खिडकीबाहेर पाहिले.

खिंडीत

खिंडीत सोनाबाईंची सून रस्त्यातच उभी होती. सासूला पाहून आधी रडली, मग ओरडली. "डाक्टर वर येनार म्हनून चार येळा हातवारं करून सांगितलं व्हतं! न्हाई, हिला येल्ह्यालाच जायचं!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्या बाईंनी मला गप बसवलं. म्हनल्या, रडू नंतर, आदी लुगडं कुठल्या रंगाचं ते सांग."

डॉक्टरांनी पहिली तपासणी सोनाबाईंचीच केली. उजवा कान गेलेला होता. डाव्या कानाला त्यांनी तपासणीसाठीचे यंत्र लावले आणि हळूहळू आवाज वाढवत गेले. सोनाबाई स्तब्ध बसल्या होत्या, त्या पाण्याकाठच्या माणसासारख्याच. सुलभा शेजारी उभी राहून सुनेला विचारत होती की किती वर्षांपासून असे आहे, आणि सोनाबाईंनी मान वळवली.

"ही कोन बोलती?"

सून कानाशी जाऊन म्हणाली, "आत्याबाई, हिनंच तुला वाचवलं."

सोनाबाईंनी सुलभाला खालपासून वरपर्यंत पाहिले. "एवढ्याशा आवाजानं?" म्हणाल्या, आणि पाटीतल्या निम्म्या शेंगा तिच्या ओटीत घातल्या. उरलेल्या डॉक्टरांना. मला फांदी देऊ केली.

परत पुण्यात

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सुलभा शेंगा सोलत बसली होती आणि मी वहीतल्या कच्च्या नोंदी पक्क्या करत होतो. तिने वही ओढून घेतली आणि पहिल्या दिवसाचे पान काढले. 'चुका' या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिले होते, 'गाडी दोन: घाई, शब्द गिळणे.' मी पेन उघडून ते खोडायला हात पुढे केला.

"खोडू नका," ती म्हणाली. "तुमचीच वही आहे ना? झालेलं खोडायचं नाही, हा तुमचा नियम. खाली पुढचं लिहा."

मी पुढचे पान काढले. निरोप मी दुसऱ्या खेपेला पुरा लिहून घेतला होता. तिसरी खेप यासीनभाईंनी ऐकून लक्षात ठेवली होती आणि खिंडीत मला घडाघडा म्हणून दाखवली होती. सुलभाने ज्यावरून वाचले तो कागद, नावे लिहायच्या फॉर्मची पाठ, व्हॅनमध्ये होता, तोही मी आणला होता. तिन्ही एकमेकांशेजारी ठेवून मी शब्द मोजले आणि वहीत शाईने लिहिले:

'गाडी दोन. १०.४१. आंधळा निरोप, तीन वेळा. शब्द पस्तीस, पस्तीस, पस्तीस. एकही बदललेला नाही. चुका: नाहीत. गाडी एक: आदल्या दिवशी माइक हुकावर नव्हता, अकरा मिनिटे.'

सुलभाने ते वाचले, बोटाने एकेक शब्द धरत कागदावरचे पस्तीस पुन्हा मोजून पाहिले आणि बरोबर म्हणून वहीवर सही केली.